बॉक्सिंग: पदलालित्य, तोल आणि ठोसे चुकवणं

दोरीउडी

नमस्कार मंडळी. बॉक्सिंगवर इथे अधूनमधून बोलणं होतं, पण ते बहुतेक कोण जिंकलं आणि कोणावर अन्याय झाला एवढ्यावरच थांबतं. पोरांना शिकवताना रोज संध्याकाळी जे दिसतं, त्यावर एक धागा असावा असं फार दिवस मनात होतं.

नवीन मुलगा येतो तो हात शिकायला. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), हुक (बाजूने वळून येणारा). काही महिन्यांत बॅगवर त्याचे हात छान वाजायला लागतात. मग पहिल्यांदा स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभा राहतो आणि मार खातो. घरचे म्हणतात, गार्ड कच्चा आहे. तोही तेच म्हणतो आणि हात आणखी वर धरतो. मी पाहतो तेव्हा गार्ड बरा असतो, पाय चुकलेले असतात.

उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे, उजवा मागे आणि थोडा बाहेरच्या बाजूला. दोन्ही पाय एका रेषेत आले की खांद्याला नुसता धक्का लागला तरी मुलगा बाजूला कोलमडतो. शेजारी-शेजारी आले की छातीवरच्या जॅबने टाचांवर बसतो. म्हणून पाय तिरके, अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त, गुडघे सैल, मागची टाच जेमतेम उचललेली, वजन दोन्हींवर जवळपास सारखं. आणि नाक पुढच्या गुडघ्याच्या पुढे जाता कामा नये. हे मी सारखं ओरडून सांगतो. डोकं पुढे गेलं की वजन पुढच्या पायावर पडतं, तो पाय रुततो, आणि मग ठोसा येताना स्पष्ट दिसला तरी हलता येत नाही.

हलताना ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी उचलायचा, दुसरा तेवढंच अंतर मागोमाग. पुढे जाताना डावा आधी, मागे येताना उजवा आधी, बाजूला जाताना त्या बाजूचा. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत, टाचा जुळत नाहीत. पाऊल वीतभरच. लांब पाऊल टाकताना मध्ये एक क्षण माणूस एका पायावर असतो आणि मुरलेला बॉक्सर नेमका तो क्षण हेरून मारतो.

मुलांना तपासायची माझी रीत म्हणजे शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव) चालू असताना मध्येच "थांब" म्हणायचं. हात जिथे असेल तिथे, पाय जिथे असेल तिथे. मग हलकेच खांद्यावर, छातीवर, पाठीवर हात टेकवून ढकलायचं. तोल गेला तर हात कितीही देखणा असो, तो ठोसा अजून त्याचा झालेला नाही.

बचावाचीही मी एकच कसोटी लावतो. ठोसा चुकवल्यावर तिथूनच, पाय सावरायला वेळ न घेता, उलट मारता येतं का? येत असेल तर तो बचाव. विली पेप, पर्नेल व्हिटेकर, आजचा उसिक हे बॉक्सर या कसोटीवर उतरतात म्हणून मला इतके प्रिय आहेत. तुम्ही काय पाहता, काय करता, लिहा.

वाचनमात्र

फार गरजेचा धागा. वाचतोय.

डावखुरा

दोरीउडी, व्हिटेकरचं नाव काढलंत म्हणून आता राहवत नाही.

१० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियोचा अलामोडोम. समोर हुलिओ सेझार चावेझ, तोवर एकही पराभव नाही. निकाल बरोबरीचा लागला आणि पाहणाऱ्या बहुतेकांना तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. निकाल बाजूला ठेवून तो सामना आवाज बंद करून फक्त कमरेखाली पाहा. व्हिटेकर पळत नाही. कित्येक राउंड तो चावेझच्या छातीला छाती लावून उभा आहे, म्हणजे चावेझच्या हक्काच्या जागेत. पण पाय रुंद, गुडघे खोल वाकलेले, त्यामुळे वजन खाली. डोकं डावी-उजवीकडे जातं तेव्हा ते मानेने जात नाही, गुडघ्यांनी जातं. पाय जागच्या जागी दोन-चार इंच सरकतो आणि चावेझचा हुक हवेत जातो. आणि जिथे झुकला तिथूनच व्हिटेकरचा डावा हात चावेझच्या पोटात.

स्लिपमध्ये, म्हणजे डोकं बाजूला नेऊन ठोसा चुकवताना, शिकणाऱ्यांचं नेमकं हेच निसटतं. डोकं हलवणं ही दिसणारी गोष्ट आहे, खरं काम वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचं. उजव्या हाताचा बॉक्सर डावीकडे स्लिप झाला की वजन डाव्या खुब्यावर येतं आणि डावा हुक आपोआप भरलेला असतो. उजवीकडे झाला की उजवा हात तयार. कमरेतून नुसतं वाकलं तर डोकं हलतं, वजन हलत नाही, आणि परतीचा ठोसा नुसत्या दंडाचा उरतो.

दुसरी गोष्ट डावखुऱ्यांची. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो आणि समोरच्याचा मागचा हात लांब पडतो. डावखुऱ्या लोमाचेन्कोची अर्धी जादू या एका पावलात आहे. लहानपणी त्याच्या वडिलांनी, म्हणजेच प्रशिक्षक अनातोली यांनी, त्याला काही काळ बॉक्सिंग थांबवून युक्रेनी लोकनृत्य शिकायला लावलं होतं. ते पाय नंतर २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिक सुवर्णांपर्यंत गेले.

तांबडी माती

मी कुस्तीवाला माणूस, कोल्हापूरकडचा. भाचा तालमीत वाढला, आता शहरात राहून बॉक्सिंग करतो. अंगात ताकद भरपूर, बैठकांनी मांड्या घट्ट. पण प्रत्येक सरावात जॅब खातो. त्याचे सर म्हणतात, कुस्ती विसर. मला ते ऐकून वाईट वाटतं. वर्षानुवर्षं मातीत कमावलेलं सगळंच कसं टाकून द्यायचं? जाणकारांनी सांगावं की त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

चौपन्न किलो

मी स्पर्धा खेळते, तीही तीन राउंडच्या. दोरीउडी यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत, पण ते उड्यांबद्दल काही बोलले नाहीत. आमच्याकडे प्रत्येक मुलगी सुरुवातीपासून उड्या मारत असते. एक सर म्हणतात मारा, दुसरे म्हणतात पाय जमिनीवर. नेमकं काय?

दोरीउडी

तांबडी माती, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण महाराष्ट्रात तालमीतून येणारी मुलं पुष्कळ. आधी त्याचं लिहितो.

"कुस्ती विसर" हे मी कधीच म्हणणार नाही. खडाखडीत पैलवान समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते अंगाने ओळखतो. बॉक्सिंगमध्ये ही नजर यायला मुलांना वर्षं लागतात, भाच्याकडे ती आहे. बैठकांच्या मांड्या तर सोनं. हुकखालून जाताना, म्हणजे वीव्ह करताना, सगळं काम मांड्यांचं असतं आणि तिसऱ्या राउंडला बाकीच्यांचे गुडघे सरळ व्हायला लागतात तेव्हा हा खालीच राहू शकेल.

बदलायचं ते डोकं आणि चवडे. कुस्तीत डोकं पुढे असतं. ते समोरच्याच्या खांद्याला, छातीला टेकवायचं असतं, पट काढायला खाली शिरायचं असतं. इथे पुढे असलेलं डोकं म्हणजे जॅबसाठी मांडून ठेवलेलं डोकं. आणि मातीत अख्खं पाऊल टेकवून उभं राहायची सवय असते, कारण तिथे रेटा सोसायचा असतो. इथे रेटा नाही, तिथून निघायचं असतं. त्याला पहिले काही आठवडे एकच काम द्या: जॅब मारत पुढे जायचं, पण हनुवटी मागच्या खुब्याच्या सरळ रेषेत वर जितकी ठेवता येईल तितकी. सर वीतभर काठीने किंवा पॅडने कपाळाला टेकवून आठवण देतील. शेजारी-शेजारी दोन्ही पाय मांडून उभं राहायची सवयही जाईल, पण ती सावकाश जाते, तिला रागावून उपयोग नाही.

एक आणखी. कुस्तीवाल्या मुलाला जवळ जायची ओढ असते. ती मारू नका, तिला रस्ता द्या. फ्लॉइड पॅटरसन आणि पुढे माइक टायसन यांना प्रशिक्षक कस डमाटोंनी जी पद्धत शिकवली ती अशाच बुटक्या-भक्कम अंगाला शोभते: हात गालांना चिकटलेले, पाय नेहमीपेक्षा थोडे शेजारी-शेजारी, डोकं सतत डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक चुकवण्यासोबत एक पाऊल आत. त्यासाठी दोरीला टांगलेली छोटी पिशवी झुलवत ठेवून तिला डोकं लागू न देता हलण्याचा सराव असतो. पिशवी कुठेही बनते, जाड कापडात वाळू भरून. खेळात मात्र कमरेखाली डोकं नेलं की फाऊल, हे त्याला आधीच सांगा.

डावखुरा

चौपन्न किलो यांच्या प्रश्नावर माझं मत.

उडी आणि ठेका यांत फरक आहे. दोन्ही पाय हवेत असताना ना दिशा बदलता येते, ना ठोसा मारता येतो, ना ठोसा सोसता येतो. उडीचा ताल ठरलेला असला की समोरचीला तो दोन-तीन उड्यांत कळतो आणि तुम्ही खाली येताना ती मारते. पण सोव्हिएत पद्धतीतला पुढे-मागे झुलणारा ठेका वेगळा. त्यात पाय जमिनीपासून सुटल्यासारखा वाटतो, पण जेमतेम घासतो. अंतर सतत आत-बाहेर होत राहतं आणि समोरच्याला मारायची नेमकी वेळ सापडत नाही. दिमित्री बिवोलने मे २०२२ मध्ये कानेलो अल्वारेझला हरवलं ते पाहा. बारा राउंड तो याच ठेक्यावर आहे, आणि कानेलोसारखा माणूस प्रत्येक वेळी अर्ध्या पावलाने कमी पडतो.

पण ठेका मध्येमध्ये मोडला पाहिजे. दोन झोके, एक थांबा, मग एकदम आत. सगळा उपयोग त्या मोडण्यात आहे.

चौपन्न किलो

हे पटलं. माझ्या सरावात हाच त्रास होतो, एका लयीत जाते आणि समोरची वाट बघत उभी असते.

अमित पंघाल मला या बाबतीत खूप आवडतो. अंगाने लहान, हात आखूड, तरी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४९ किलोच्या अंतिम सामन्यात त्याने रिओचा ऑलिंपिक विजेता हसनबॉय दुस्मातोवला हरवलं. आत जातो, दोन मारतो आणि ज्या रेषेने गेला त्या रेषेने परत येत नाही. मेरी कोमबद्दल तर काय बोलावं. लंडन २०१२ ला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि सगळ्यात खालचा गट होता ५१ किलोचा. तिची जागतिक विजेतेपदं त्याहून हलक्या गटांतली. स्वतःपेक्षा मोठ्या मुलींशी खेळून तिने कांस्य आणलं. तिथे ताकदीला ताकद लावून निभावलं नसतं.

निळा कोपरा

पंच म्हणून गुणांच्या बाजूने थोडं लिहितो, कारण "मी सगळे ठोसे चुकवले तरी हरलो" ही तक्रार स्पर्धांमध्ये नेहमी कानावर येते.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये परंपरेने चार गोष्टी पाहतात: स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. ऑलिंपिक पद्धतीत २०१३ पासून दहा गुणांची पद्धत (राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला कमी) आली. तिथे लक्ष्यावर बसलेले दर्जेदार ठोसे, तंत्र आणि डावपेचांतलं वर्चस्व, आणि लढाऊपणा हे पाहतात. बचावाला वेगळे गुण नाहीत. तीन राउंड, तीन-तीन मिनिटं. पहिला राउंड अंदाज घेण्यात घालवला तर तो बहुधा गेलाच.

बारा राउंडांतही हे लागू होतं. लोमाचेन्को ऑक्टोबर २०२० मध्ये टिओफिमो लोपेझशी हरला तेव्हा पहिल्या अर्ध्या सामन्यात तो सुंदर हलत होता, चुकवतही होता, पण मारतच नव्हता. उत्तरार्धात जागा झाला, तोवर राउंड गेले होते. त्यामुळे दोरीउडी यांची "चुकवल्यावर तिथूनच मारता येतं का" ही कसोटी मला पंचाच्या खुर्चीतूनही योग्य वाटते. आम्ही ठोसा पाहतो. पाय तो ठोसा शक्य करतात, पण पायांना आम्ही गुण देऊ शकत नाही.

तांबडी माती

दोरीउडी, मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं भाच्याला वाचून दाखवलं. सरांनाही दाखवणार म्हणतो. आणखी एक प्रश्न त्याचाच आहे: समोरचा पळत असेल तर? तो म्हणतो, मी त्याच्या मागे जातो, तो गोल फिरतो, मी दमतो.

डावखुरा

त्याच्या मागे जातो, हेच बंद करायला सांगा. मागोमाग जाणारा नेहमी अर्धं पाऊल उशिरा पोचतो. समोरचा जिथे आहे तिथे जायचं नाही, तो जिथे निघालाय तिथे आपण बाजूला सरकून आधी उभं राहायचं. तो डावीकडे निघाला की आपणही त्याच बाजूला आडवं पाऊल टाकायचं, पुढे नाही. असं दोन-तीनदा झालं की त्याच्यासाठी रिंग लहान होत जाते आणि तो कोपऱ्यात सापडतो. मग आत.

याचा सर्वांत मोठा धडा किन्शासाच्या अली-फोरमन सामन्याचा आहे, ३० ऑक्टोबर १९७४. लोकांना दोरावर टेकलेला अली आठवतो, पण तो तिथे का गेला हे विसरलं जातं. फोरमन रिंग फार चांगली कापायचा. पहिल्याच राउंडमध्ये अलीला कळलं की फोरमन एका पावलात रस्ता अडवतोय आणि आपल्याला त्यासाठी जास्त पावलं टाकावी लागताहेत. त्या उकाड्यात असं रात्रभर नाचलं तर पाय आधी संपणार होते. म्हणून तो दोरांवर गेला आणि आठव्या राउंडला फोरमन पडला. पण त्याने अंगावर, हातांवर किती मार घेतला तेही पाहा. मी कोणत्याही मुलाला ते करायला सांगणार नाही.

रिंगच्या आकाराचंही यात आलंच. १९८७ मध्ये लेनर्ड-हॅगलर सामना ठरताना लेनर्डने पैशांत माघार घेतली आणि बदल्यात मोठी, २० फुटी रिंग, जड हातमोजे आणि पंधराऐवजी बारा राउंड मागून घेतले. निकाल लेनर्डच्या बाजूने, तोही विभागून, म्हणजे जेमतेम. आपल्या पायांना किती जागा लागते हे तो माणूस करारावर सही करतानाच जाणून होता.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो, चाळिशी ओलांडल्यावर बॉक्सिंग सुरू केलं. स्पर्धेत उतरायचं नाही, पण आठवड्यातून काही संध्याकाळी जिममध्ये जातो आणि हलकं स्पारिंग करतो. इथून फिलाडेल्फिया जवळ, आणि तिथल्या बॉक्सिंगचा वारा आमच्या जिमपर्यंत येतो.

वय झालेल्यांसाठी माझी कळकळीची विनंती: रॉय जोन्सची नक्कल करू नका, बर्नार्ड हॉपकिन्सची करा. जोन्स ऐन भरात असताना हात खाली सोडून, मान मागे ओढून ठोसे चुकवायचा आणि पाहणारा थक्क व्हायचा. पण तो बचाव चपळाईवर उभा होता. २००४ मध्ये आधी टार्व्हरने आणि मग ग्लेन जॉन्सनने त्याला पाडलं. तेव्हा तो पस्तिशीचा होता. हॉपकिन्स त्याच्याहून वयाने मोठा, आणि २०११ मध्ये मॉन्ट्रियलला जाँ पास्कालला हरवून वयाच्या ४६ व्या वर्षी जगज्जेता झाला. हॉपकिन्स फारसा हलायचाही नाही. अर्धं पाऊल मागे, पाव पाऊल बाजूला. समोरच्याने मारायचं ठरवलं की याने अंतर मोडलेलं असायचं. त्या सवयी वयाने जात नाहीत.

खांदा वर ठेवून, मागचा हात गालाशी आणि पुढचा हात पोटावर आडवा धरून ठोसे खांद्यावरून घसरवायची पद्धतही इथे फार चालते. मेवेदरने ती जगभर नेली. नवीन लोक ती पाहून खांदा तेवढा उचलतात. पण ती सगळी मागच्या पायावर तोललेली असते. ठोसा खांद्यावर आला की वजन मागच्या पायात बसतं आणि तिथूनच उजवा हात सुटतो. मागच्या पायावर बसायला जमत नसेल तर ती पद्धत म्हणजे उघडी हनुवटी.

हाडवैद्य

मी क्रीडा-फिजिओ आहे. घोट्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

गुडघा सैल ठेवा म्हणतो, पण घोटा ताठ असेल तर गुडघा पुढे जात नाही आणि मुलगा कमरेतून वाकतो. मग प्रशिक्षक म्हणतात, वाकू नको. बिचारा करणार काय? भिंतीकडे तोंड करून, पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का पाहा. नाही टेकला तर आधी घोटा मोकळा करा, मग स्लिप शिकवा. एका पायावर उभं राहून शॅडो करणं हाही स्वस्त आणि मस्त सराव.

बूट: जाड, मऊ तळाचे धावायचे बूट घालून पिव्हट करू नका, म्हणजे चवड्यावर फिरू नका. तळ जमिनीला चिकटतो, अंग फिरतं, गुडघा मध्ये सापडतो. शिवाय उंच मऊ तळावर घोटा मुरगळतो. बॉक्सिंगचे बूट पातळ तळाचे असतात ते याचसाठी. परवडत नसतील तर सपाट तळाचे साधे कॅनव्हास बूट चालतील. सिमेंटच्या फरशीवर रोज दोरीच्या उड्या नकोत, नडगी दुखायला लागते. खाली पातळ मॅट तरी हवी.

दोरीउडी

हाडवैद्य, भिंतीची चाचणी उद्यापासून सगळ्या मुलांना. धन्यवाद.

जर्सीकरांचं हॉपकिन्सवरचं लिहिणं मला लहान मुलांच्या बाबतीतही खरं वाटतं. चपळ मुलगा शिकवायला सर्वांत कठीण. तो मान ओढून वाचतो, त्याला पायांची गरजच वाटत नाही. त्याच्याहून चपळ मुलगा समोर आला की हातात काहीच उरत नाही. म्हणून अशा मुलाला मी मुद्दाम एका पायाला सैल दोरी बांधून, जमिनीवर आखलेल्या छोट्या चौकोनात उभं करतो आणि समोरच्याला फक्त जॅब मारायला सांगतो. उलट मारायचं नाही, चौकोनाबाहेर जायचं नाही. दहा-बारा मिनिटांत तो गुडघे वापरायला लागतो.

उसिकबद्दल थोडं लिहितो, मग थांबतो. मे २०२४ मध्ये रियाधला त्याने टायसन फ्युरीला हरवलं. फ्युरी त्याच्याहून उंच, कितीतरी जड, हात लांब. आणि फ्युरीचेही पाय त्या वजनाला नवल वाटावं इतके चांगले. उसिक सबंध सामनाभर पुढचा पाय फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवण्यासाठी झगडतो आहे. अर्धी पावलं, हुलकावण्या, पुन्हा अर्धं पाऊल. फ्युरीला क्षणभरही स्वस्थ उभं राहू देत नाही. पाचव्या-सहाव्या राउंडला फ्युरीच वरचढ दिसतो, पोटावर चांगले ठोसे बसतात, पण उसिकच्या पायांचं काम थांबत नाही. नवव्या राउंडला तो डावा हात लागतो आणि फ्युरी दोरादोरांवर भेलकांडत जातो. तो ठोसा नवव्या राउंडचा असला तरी त्याची जागा पहिल्या राउंडपासून पाय तयार करत होते.

डावखुरा

पूर्ण सहमत. फक्त एक भर: बाहेरचा पाय हा नियम म्हणून घोकू नये. उसिक कितीदा तरी मुद्दाम आतही पाय ठेवतो. आत असला की पुढच्या हाताचा जॅब दोन हातांच्या मधून जातो आणि पुढच्या हाताचा हुकही जवळ येतो. समोरचा बाहेरच्या पायासाठी भांडायला लागला की त्याला ते भांडण जिंकू द्यायचं आणि आतून मारायचं.

चौपन्न किलो

एक शेवटचा प्रश्न, माझ्यासाठी सर्वांत अडचणीचा. दोरांना पाठ लागल्यावर मी गोठते. हात वर, डोळे खाली, आणि पंच मोजायला येईपर्यंत तशीच. पाठ लागण्याआधी कळावं कसं, आणि लागली तर निघायचं कसं?

दोरीउडी

पाठीला दोर लागल्यावर कळणं म्हणजे उशीर. सरळ रेषेत सलग दोनच पावलं मागे, तिसरं पाऊल नेहमी बाजूला, ही सवय लावून घ्या. शॅडो करतानाही तिसरं पाऊल मागे टाकायचं नाही. मग दोर दिसले नाहीत तरी तुम्ही त्यांच्याकडे पोचत नाही. शिवाय राउंडच्या सुरुवातीला मध्यावर उभं राहून चारही बाजूंना किती पावलं आहेत ते डोक्यात बसवा. सरावाला रिंग नसेल तर जमिनीवर दोरी टाकून सहा मीटरांहून थोडा मोठा चौकोन आखा. स्पर्धेची रिंग दोरांच्या आत ६.१ मीटरची असते, त्या मापाची सवय हवी.

लागलीच पाठ तर आधी डोळे वर. खाली पाहिलं की डोकं पुढे येतं आणि अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, सापडतं. समोरचीच्या छातीकडे पाहा, दोन्ही खांदे दिसतात. मग बाजू ठरवा. तिचा उजवा हात जड असेल तर तुमच्या उजवीकडे निघा, डावा हुक जड असेल तर डावीकडे. नुसतं सरकू नका, ती सोबत येईल. आधी तिला काहीतरी द्या, पोटावर एक सरळ ठोसा पुरे. तिची कोपरं खाली आली की त्या क्षणी पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरा, मागचा पाय मागून वळवत आणा. आता तिची पाठ दोरांकडे येते. तिथून जॅब मारून मगच लांब व्हा.

मैत्रिणीला घेऊन रोज सरावाच्या शेवटी दोन मिनिटांचे तीन राउंड हेच करा. तुम्ही दोरांना पाठ लावून सुरू करायचं, ती अर्ध्या जोराने मारत राहील, तुम्ही तीन ठोशांच्या आत बाहेर पडायचं, आणि लगेच परत जाऊन पाठ टेकवायची. पहिला आठवडा फक्त उजवीकडे निघा, दुसरा फक्त डावीकडे. त्यानंतर बाजू तिच्या हातांवरून ठरवायला लागा.